पिस स्याबित: ताउसुग विणीचा छोटा नमुना घरी कसा विणावा

दक्षिण फिलिपिन्समधील सुलू द्वीपसमूहात राहणाऱ्या ताउसुग समाजातील स्त्रिया हातमागावर जे चौरस वस्त्र विणतात, त्याला पिस स्याबित असे नाव आहे. हे पुरुषांचे शिरोवस्त्र आहे. साधारण एक मीटर लांबी-रुंदीच्या त्या चौरसात समभुज चौकोन, त्रिकोण आणि आकड्यासारखी वळलेली टोके एकमेकांत इतकी घट्ट बसवलेली असतात, की रंग कुठे संपला आणि पार्श्वभूमी कुठे सुरू झाली हे पटकन सांगता येत नाही. आणि हे सारे विणणारी स्त्री समोर कसलाही कागदी आराखडा न ठेवता, केवळ स्मरणातून विणत असते. स्मरणातून विणणे म्हणजे नेमके काय, हे छायाचित्र पाहून कळत नाही. त्याच विणीचा तळहाताएवढा तुकडा स्वतः विणून पाहिला, तर मात्र ते बोटांना कळते. पुढील कृती त्यासाठी लिहिली आहे. सुईदोऱ्याची थोडीबहुत सवय असलेल्या कोणालाही ती जमेल; हातमाग असण्याची गरज नाही.

विणायला बसण्यापूर्वी

ज्या वस्त्राचा नमुना करायचा, ते वस्त्र कोण वापरते आणि कशासाठी, हे आधी माहीत असले पाहिजे. सुलूमध्ये पंधराव्या शतकापासून सल्तनत होती. तिची राजधानी असलेले होलो हे चीन, बोर्निओ आणि मलाय मुलखाशी व्यवहार करणारे मोठे व्यापारी बंदर होते. चिनी रेशीम याच वाटेने ताउसुग विणकरांच्या हाती आले, आणि जुन्या पिसांमध्ये त्या रेशमाची झळाळी आजही दिसते. पुढे त्याची जागा सुताने आणि कारखान्यात रंगवलेल्या कृत्रिम धाग्यांनी घेतली. ताउसुग समाज मुस्लिम आहे आणि पिसावरची नक्षी पूर्णपणे भौमितिक असते. त्यात माणसे किंवा प्राणी आढळत नाहीत. याच समाजाच्या लाकडी कोरीवकामात उक्किल नावाची वेलीसारखी वळणदार नक्षी असते. सियासी बेटावर १९३६ मध्ये जन्मलेले शिल्पकार अब्दुलमारी आसिया इमाओ यांनी ती आधुनिक शिल्पात आणली आणि २००६ मध्ये त्यांना फिलिपिन्सचा राष्ट्रीय कलावंत हा सन्मान मिळाला. छिन्नीला हवे तसे वळता येते. विणीत मात्र प्रत्येक वळण उभ्या-आडव्या धाग्यांच्या पायऱ्यांनीच घ्यावे लागते. पिसावरचे आकडे कोनदार असतात ते त्यामुळे.

पिस डोक्याला बांधतात, खांद्यावर टाकतात, आणि पूर्वी ते तलवारीच्या मुठीलाही गुंडाळले जाई. त्याच्या रंगांवरून धारण करणाऱ्याचा दर्जा कळत असे, असेही सांगितले जाते. लग्नात आणि समारंभात ते आजही मानाने मिरवले जाते. आपल्याकडेही डोक्याला बांधायचा रुमाल चौकोनीच असे, म्हणून मराठी वाचकाला एक गोष्ट सहज पटेल: चौरस कापड कर्णावर दुमडून बांधायचे असेल, तर नक्षी कोणत्याही कोपऱ्यातून तितकीच भरीव दिसली पाहिजे. पिसाची रचना चारही बाजूंनी समतोल असते, ती केवळ सौंदर्यासाठी नव्हे. याच विणीचा कंबुत नावाचा कमरपट्टाही असतो. हबुल तियाहियान हे नळीसारखे शिवलेले वस्त्र मात्र भरतकामाने सजवलेले असते, त्यामुळे त्याची गल्लत पिसाशी करू नये.

या परंपरेविषयी बोलताना एक नाव घ्यायलाच हवे. होलो बेटावरच्या पारांग येथील दरहाता सवाबी यांना २००४ मध्ये 'गावाद सा मानलिलिखा नंग बायान' हा, परंपरागत कारागिरांसाठी १९९२ च्या कायद्याने सुरू झालेला राष्ट्रीय सन्मान मिळाला. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी ही कला आईकडून घेतली होती. केळीच्या आणि बांबूच्या चौकटीवर काळे व लाल धागे ताणून नुसता ताणा, म्हणजे विणीचे उभे धागे, तयार करायलाच त्यांना तीन दिवस लागत, आणि ३९ इंच बाय ४० इंचांचा एक चौरस पुरा व्हायला सुमारे तीन महिने जात. त्या चौरसाचे त्यांना २,००० पेसोंच्या आसपास मिळत. त्या अविवाहित होत्या आणि विणकाम हेच त्यांच्या उत्पन्नाचे साधन होते. सत्तरच्या दशकात सुलूमध्ये सशस्त्र संघर्ष पेटला. फेब्रुवारी १९७४ मध्ये होलो शहर जळाले आणि हजारो कुटुंबे परागंदा झाली. अशा काळात माग, धागा आणि शांतपणे बसायला जागा यांपैकी काहीच हाताशी उरत नाही. तरीही ही वीण टिकली, कारण तिचा आराखडा कागदावर नव्हता आणि मुलींनी तो आयांच्या शेजारी बसून मनात साठवला होता.

वीण कोणती आहे

पैठणीचा पदर जवळून पाहिलेल्या माणसाला ही वीण अनोळखी वाटणार नाही. साध्या विणीत आडवा धागा, म्हणजे बाणा, कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. येथे तसे होत नाही. प्रत्येक रंगाची स्वतंत्र कांडी असते. तो रंग आपल्या आकृतीच्या हद्दीपर्यंतच जातो, शेजारच्या रंगाला हद्दीवर भेटतो आणि परत फिरतो. पैठणीत असो की पिसात, आकृती कापडावर भरलेली नसून कापडच त्या आकृतीने बनलेले असते. त्यामुळे मागची बाजूही पुढच्या बाजूइतकीच स्पष्ट दिसते आणि मागे धाग्यांचे लांब फाटे लोंबत नाहीत. येवल्याच्या दुकानात पदर उलटा करून पाहणाऱ्या गिऱ्हाईकाची सवय येथेही उपयोगी पडते: दक्षिण फिलिपिन्समधील झांबोआंगा शहरात किंवा इतरत्र पिस म्हणून दाखवलेले कापड उलटे करावे, आणि मागे एका आकृतीपासून दुसरीपर्यंत गेलेले मोकळे धागे दिसले तर ते जादा बाण्याने, म्हणजे मूळ विणीत नक्षीसाठी वेगळा आडवा धागा घालून, विणलेले किंवा यंत्रावरचे कापड समजावे. शेजारच्या बासिलान बेटावरच्या याकान विणकरांचे सेपुतांगान नावाचे चौरस शिरोवस्त्र अशा जादा बाण्याने विणतात. तेही फार मोलाचे काम आहे, पण ते पिस नव्हे.

साहित्य आणि ताणा

ताउसुग स्त्री कमरेच्या मागावर विणते. ताण्याचे एक टोक खांबाला किंवा भिंतीला बांधलेले असते आणि दुसरे टोक तिच्या कमरेमागून आलेल्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताणा घट्ट होतो, पुढे झुकली की सैल. पहिल्या नमुन्यासाठी आपण हा माग घेणार नाही, कारण शरीराने ताण सांभाळणे आणि रंगांच्या हद्दी सांभाळणे ही दोन्ही कामे एकदम शिकायला घेतली की दोन्ही बिघडतात.

आतून सुमारे ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच अशी एक मजबूत लाकडी चौकट घ्यावी. वरच्या आणि खालच्या पट्टीवर प्रत्येकी ३१ बारीक खिळे, दोन खिळ्यांत ५ मिलिमीटर अंतर ठेवून, ठोकावेत. ताण्यासाठी पिळदार, न ताणला जाणारा सुती दोरा घ्यावा. खालच्या पहिल्या खिळ्याला गाठ मारून दोरा वर न्यावा, वरच्या खिळ्याला वळसा घालून खाली आणावा, आणि असे करत ६१ उभे धागे होताच वरच्या खिळ्याला शेवटची गाठ मारावी. सुरुवात खाली आणि शेवट वर झाला, की धाग्यांची संख्या आपोआप विषम येते आणि नक्षीला ३१ वा धागा मध्य म्हणून मिळतो. दर सेंटिमीटरला सुमारे चार धागे बसतील आणि विणलेली पट्टी १५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद होईल. ताणा काळा किंवा काळा-लाल असा असावा. नवशिक्या हाताचा बाणा कुठेतरी विरळ पडतोच, आणि तिथे डोकावणारा गडद धागा पांढऱ्या धाग्यासारखा डोळ्यांत खुपत नाही.

बोटाने हळूच दाबून पाहावे. सर्व धागे सारख्याच ताणाचे लागले पाहिजेत. एकही सैल असला तर तो आत्ताच घट्ट करावा, कारण पुढे तो विणीत कायमचा बुडबुड्यासारखा उठून दिसतो. सवाबी यांचे तीन दिवस ताण्यावर का जात, ते या टप्प्यावर थोडेसे उमजते.

बाण्यासाठी भरतकामाचा सहापदरी दोरा उत्तम. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा आणि गडद निळा एवढे रंग पुरेत. प्रत्येक रंगाचे दीड-दोन मीटरचे तुकडे जाड कागदाच्या छोट्या कांड्यांवर गुंडाळून ठेवावेत. एक सपाट पट्टी एकाआड एक धाग्यांखालून सरकवून ठेवली की बाणा घालण्यासाठी एक फट कायम तयार मिळते. दुसऱ्या फटीसाठी उरलेले धागे बोटांनी उचलावेत. बाणा ठोकण्यासाठी लाकडी कंगवा किंवा जुना जेवणाचा काटा चालतो.

आधी मोजमाप, मग नक्षी

तळाशी जाड दोऱ्याच्या चार ओळी विणून पाया करावा आणि त्यावर लाल रंगाची दोन सेंटिमीटर साधी पट्टी विणावी. बाणा ओढून न घेता कमानीसारखा सैल सोडावा आणि मग कंगव्याने खाली बसवावा. ताठ ओढलेला बाणा कापडाची कंबर आवळतो आणि काठ आत येत जातात. आता मोजपट्टी लावून एका सेंटिमीटरमध्ये किती आडव्या ओळी बसल्या ते मोजावे.

हे मोजणे टाळू नये. पुढचे सगळे त्यावर उभे आहे. समजा १२ ओळी आल्या. उभे धागे सेंटिमीटरला चार आणि आडव्या ओळी बारा, म्हणजे एका उभ्या धाग्याची रुंदी तीन ओळींच्या उंचीइतकी झाली. एक धागा म्हणजे एक घर, एक ओळ म्हणजे एक घर असे धरून कागदावर नक्षी काढली, तर कागदावरचा सुबक समभुज चौकोन कापडावर चेपलेला उमटेल. म्हणून ५ मिलिमीटरच्या चौकटींचा कागद घ्यावा आणि एक घर म्हणजे दोन धागे व सहा ओळी असे धरावे; मग कागदावरची आकृती कापडावर जशीच्या तशी, त्याच मापाची येते. ओळी कमी-जास्त भरल्या तर हिशेब त्याप्रमाणे बदलावा. पिस विणणाऱ्या स्त्रीच्या मनात हाच हिशेब मुरलेला असतो, तोही आपल्या चिमुकल्या पट्टीसाठी नव्हे तर मीटरभर रुंदीसाठी.

समभुज चौकोन

दोन्ही काठांना आठ-आठ धाग्यांची किनार ठेवावी, म्हणजे १ ते ८ आणि ५४ ते ६१ हे धागे. मधली पार्श्वभूमी लाल. चौकोनाचे खालचे टोक मधल्या तीन धाग्यांवर, म्हणजे ३० ते ३२ वर, पिवळ्या रंगाने सुरू करावे. दोन ओळी झाल्या की दोन्ही बाजूंना एकेक धागा वाढवावा, मग चार ओळींनंतर पुन्हा एकेक, मग दोन ओळींनंतर, असे आलटून-पालटून करावे. सरासरी तीन ओळींमागे एक धागा सरकतो आणि कड बरोबर ४५ अंशांनी चढते. तेरा वेळा वाढवल्यावर चौकोन १७ ते ४५ असा २९ धाग्यांचा होतो. तेथून त्याच क्रमाने कमी करत न्यावे. पूर्ण आकृती जवळपास सात सेंटिमीटरची होते.

रंगांची दिशा हा येथला कळीचा नियम आहे. एकाच ओळीत शेजारी असलेले दोन रंग नेहमी विरुद्ध दिशांनी चालले पाहिजेत: किनार उजवीकडे निघाली तर तिच्या शेजारची लाल पार्श्वभूमी डावीकडे, पिवळा पुन्हा उजवीकडे, आणि याप्रमाणे पुढे. या ओळीत जे दोन रंग एकमेकांकडे आले ते पुढच्या ओळीत दूर जातात आणि दुसरी जोडी भेटते. जिथे दोन रंग भेटतात तिथे, परत फिरण्यापूर्वी, एकाचा धागा दुसऱ्याच्या वेढ्यातून काढून घ्यावा. या गुंतवणीमुळे रंगांच्या हद्दीवर चीर पडत नाही. तिरप्या कडेवर हद्द सतत सरकत असल्याने गुंतवण चुकली तरी फारसे बिघडत नाही. सरळ उभ्या हद्दीवर, म्हणजे किनारीपाशी, ती चुकली की कापड तेवढ्या लांबीत उघडे पडते. गुंतवताना धागा ओढू नये, नुसता अडकवावा. ओढला की दोन रंगांच्या मध्ये गाठीसारखा उंचवटा येतो, आणि तो नंतर कितीही दाबला तरी बसत नाही.

आकडा

आता पिसाचे खरे वैशिष्ट्य. चौकोनाच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांतून एकेक आडवा हात बाहेर काढायचा आणि त्याचे टोक खाली वळवायचे. कागदावर हे काढायला दोन रेघा लागतात. मागावर मात्र आपण खालून वर जात असतो, त्यामुळे डोळ्यांना जे सर्वांत शेवटी आल्यासारखे वाटते ते खाली वळलेले टोक विणताना सर्वांत आधी येते. हात अजून अस्तित्वातच नसतो, आणि तरी त्याचे टोक लाल पार्श्वभूमीत, कशालाही न जोडलेले, एकटेच सुरू करावे लागते. ते एक धागा इकडे-तिकडे सुरू झाले, तर हात जेव्हा बाहेर येईल तेव्हा त्याला भेटणार नाही, आणि ही चूक दुरुस्त करायला सारे उसवावे लागते.

आपल्या नमुन्यात चौकोन सर्वांत रुंद होण्याच्या १२ ओळी आधी टोके सुरू करावीत. उजवीकडे ४९ ते ५१ आणि डावीकडे ११ ते १३ या तीन-तीन धाग्यांवर पिवळे स्तंभ चढवावेत. यावेळी एका ओळीत नऊ कांड्या चालू असतील: किनार, लाल, टोक, लाल, चौकोन, लाल, टोक, लाल, किनार. दिशांचा नियम नऊच्या नऊ कांड्यांना लागू आहे आणि टोकांच्या दोन्ही उभ्या हद्दींवर गुंतवण अनिवार्य आहे. बारा ओळी झाल्या की टोक आणि चौकोन यांच्यामधल्या लाल कांड्या तोडाव्यात, दोन-तीन सेंटिमीटर शेपटी मागे सोडावी, आणि ११ ते ५१ असा सलग पिवळा बाणा सहा ओळी चालवावा. हे झाले आकड्यांचे हात. त्यानंतर दोन्ही बाजूंना लाल पुन्हा सुरू करून चौकोन उतरता न्यावा.

एवढ्या छोट्या आकृतीत पुढच्या १२ ओळींचे भान ठेवावे लागते. पिसामध्ये असे आकडे रांगांनी असतात, एकाचे टोक दुसऱ्याच्या पोटात असते, आणि एकाच ओळीत काही आकृत्या सुरू होत असतात, काही मध्यावर असतात, तर काही संपत असतात. हे सारे कागदाविना चालवणारी बुद्धी ही गणिताचीच बुद्धी आहे, आणि तिला केवळ 'हातकौशल्य' म्हणणे मला अपुरे वाटते.

उतरवणे आणि नाव देणे

वरच्या टोकालाही चार ओळींचा जाड पाया विणून ताणा कापावा आणि धागे दोन-दोन करून विणीलगत गाठवावेत. शेवटी तीन उरतील, त्यांची एकच गाठ मारावी. मागच्या शेपट्या सुईने त्याच रंगाच्या विणीत ओवून घ्याव्यात. ओलसर सुती फडके ठेवून मागच्या बाजूने इस्त्री फिरवावी. हा तुकडा धुवू नये. भरतकामाचा लाल रंग पांढऱ्यावर उतरण्याचा धोका असतो. कोणाकडे खरे पिस असेल, तर तेही घडी घालून न ठेवता धुतलेल्या सुती कापडासह नळीवर गुंडाळून, उन्हापासून दूर ठेवावे, कारण घडीच्या रेषेवर धागे प्रथम झिजतात.

आपण केलेल्या तुकड्याला 'पिस स्याबित' म्हणू नये. 'ताउसुग पिसाच्या विणीवरून केलेला अभ्यासाचा नमुना' असे मागे चिठ्ठीवर लिहून ठेवावे, आणि ही नक्षी पिशव्यांवर, उशीच्या अभ्र्यांवर छापून किंवा विणून विकू नये. ज्या स्त्रियांचे घर या विणीवर चालते, त्यांच्या तीन महिन्यांच्या कामाशी आपल्या फावल्या वेळाने स्पर्धा करणे उचित नाही. मनिलाला जाणे झाले, तर तेथील राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात फिलिपिन्सच्या वस्त्रांचे कायमचे दालन आहे. नमुना विणून झाल्यावर तेथे गेलेला माणूस काचेपाशी बराच जास्त वेळ थांबेल.

दुसरा नमुना विणायचा ठरल्यास तो कमरेच्या मागावर घ्यावा. दोन गुळगुळीत काठ्यांवर तोच ६१ धाग्यांचा ताणा चढवावा, एक काठी खिडकीच्या गजाला बांधावी, दुसरी रुंद पट्ट्याने कमरेला. पाठीला आधार न घेता जमिनीवर बसावे, फट उघडताना थोडे पुढे झुकावे आणि बाणा ठोकताना मागे रेलावे. चौकोन पहिल्या वेळचाच ठेवावा, परंतु आकड्याची टोके यावेळी वरच्या दिशेला वळवून पाहावीत, म्हणजे हात आधी येईल आणि टोक नंतर. कागदावरची आकृती फक्त सुरुवातीला एकदा पाहावी, मग ती उलटी करून ठेवावी आणि ओळी तोंडाने मोजत विणावे.